शुक्रवारची सागोती

शमू, तू गेलास म्हटल्यावर चाळीत सगळ्यांनी आधी एकच विचारलं. गोळी लागली काय?

त्यांची तरी काय चूक. दिवसच तसे आहेत. लालबाग-परळात तरणं पोर गेलं की माणसं आधी विचारतात कुठल्या नाक्यावर, कुठं लागली. मी म्हटलं, नाही, मुदतीचा ताप. तर त्यांचे चेहरे असे पडले, जसं काय तूच त्यांना फसवलंस. गोळीनं गेला असतास तर नाक्यावर फोटो लागला असता, हार पडले असते, भाषणात नाव आलं असतं. तापानं गेलेल्याला कोण विचारतो. फोटोला मी हार आणणार होते, पण तुझी आई म्हणाली आमच्यात तसं नाही करत. मग तेही राहिलं.

तुझ्या कॉलेजातली पोरं येऊन गेली. तुझ्यावर चार पानं छापणार आहेत. मावशी, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो, म्हणाली. मी नको म्हटलं. गावच्या शाळेत मी तिसरीपर्यंत गेले, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, पण हे दुसऱ्याच्या हातानं लिहायचं नाही. तू कुठं जन्मलास, परीक्षेत कितवा आलास, ते त्या पोरांना ठाऊक. मला जे ठाऊक आहे ते सांगताना मान वर होत नाही. म्हणून तुझ्याशीच बोलते. त्यांना छापायचं तर छापू देत.

तू पहिल्यांदा जेवायला आलास तेव्हा दारातच उभा राहिलास. माझी खाणावळ म्हणजे काय, एक खोली. चूल, मोरी, आणि भिंतीला पाठ लावून बसलेली गिरणीची माणसं. आत ये म्हटलं तर म्हणालास, मी ख्रिश्चन आहे. नगरकडचा. कॉलेजात शिकतो, गॅलरीच्या टोकाला पोटमाळ्यावर राहायला आलोय. एका दमात सगळं सांगून टाकलंस, मग पाठीमागून कटकट नको म्हणून.

आमचा भिवा, गिरणीत साच्यावर कापड विणणारा, माझ्याच गावचा, त्याची जीभ कधी स्वस्थ बसली आहे? त्यानं विचारलंच.

"ख्रिश्चन म्हणजे आधीचो कोण?"

मी म्हटलं, "आधीचो भुकेलो. आत्ताचो पण भुकेलोच. तू गप जेव."

मी ताट वाढलं आणि तू डोळे मिटलेस. मला वाटलं डाळीत काय दिसलं. मी ओणवी होऊन बघितलं, डाळ तर बरी होती. भिवा म्हणाला, "काय रे, माशी पडली काय?"

"नाही. आभार मानत होतो," तू म्हणालास.

"कोणाचे?"

"देवाचे. अन्न दिलं म्हणून."

"अन्न तर मावशीनं दिलं. ती काय समोर बसली. तिचे मान."

सगळी खोली हसली. तुझे कान लाल झाले. पण दुसऱ्या दिवसापासून तू डोळे मिटायचास, उघडायचास, आणि माझ्याकडे बघून म्हणायचास, आभार, मावशी. मग जेवायचास. मला आधी वाटलं टिंगल करतोस. टिंगल नव्हती.

माझ्या उभ्या जन्मात मला जेवणाचे आभार कोणी म्हटले नव्हते. आमच्यात ताट चाटूनपुसून उठलं की झालं. नवऱ्यानं कधी म्हटलं नाही. तो खोकत जेवायचा आणि जेवून खोकायचा, गिरणीचा कापूस छातीत भरलेला. एक दिवस उठला नाही. मुलगा झाला होता तो महिना काढून गेला. त्याच्यानंतर मी चूल पेटवली ती आजपर्यंत. रडायला बसले असते तर एवढ्या माणसांचा भात करपला असता. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू विचारायचास, मावशी, तुमचं कोण होतं? मी म्हणायचे, होते, जेव.

तू बोलायचास मात्र फार. परीक्षेचं पुस्तक मांडीवर आणि तोंडानं देव चालू. एकदा म्हणालास, मावशी, रविवारी मी चांगला माणूस असतो. सोमवारी सकाळी नळावर कोणी माझी बादली सरकवली की मी कोण होतो ते मलाच ओळखू येत नाही. मी म्हटलं, नळावर सगळे सारखेच, तिथं संत उभा केलास तरी शिवी देईल. तू हसला नाहीस. म्हणालास, नळावर जो देव आठवत नाही तो रविवारी आठवून काय उपयोग?

मी म्हणायचे, आमचा देव बरा, वर्षाला एकदा कोंबडा घेतो आणि बाकीचे दिवस आम्हाला मोकळं सोडतो.

ती संध्याकाळ आठवते? बाहेर कर्फ्यू होता, दुपारी नाक्यावर गोळीबार झाला होता, गिरण्या बंद. माणसं माझ्या खोलीत अडकून बसलेली. कोणाचा भाऊ घरी आला नव्हता, कोणाचा पुतण्या. भिवा म्हणाला, मावशे, गाऱ्हाणं घालूया. गावाला देवापुढं घालतात तसं. एकानं मागायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पण गाऱ्हाणं घालायला तसा माणूस लागतो, तोंड चालणारा. भिवानं तुझ्याकडे बोट केलं. हा रोज देवाशी बोलतो, ह्यालाच बोलू दे.

तू उठून उभा राहिलास. डोळे मिटलेस. बाहेर गेलेली माणसं सुखरूप घरी येऊ देत, म्हणालास. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. गिरण्या चालू होऊ देत, चुली पेटू देत. व्हय म्हाराजा. मुंबई आमची आम्हाला मिळू दे. तेव्हा तर पलीकडच्या खोल्यांतून पण आवाज आला, व्हय म्हाराजा. मग तू म्हणालास, आणि जे पोलीस नाक्यावर उभे आहेत त्यांना पण सांभाळ, त्यांच्या घरी पण वाट बघतात.

भिवा म्हणाला, "ह्याका मी व्हय म्हणूचो नाय."

कोणीच म्हटलं नाही. मी पण नाही. तू एकटाच आमेन म्हणून खाली बसलास.

दुसऱ्या दिवशी ताट घासताना माझ्याजवळ आलास आणि म्हणालास, "मावशी, पोलिसांसाठी मागितलं ते नुसतं तोंडानं. काल सकाळी मोर्च्यात मी पण दगड उचलला होता."

"मारलास?"

"नाही. टाकून दिला. पण भीतीनं टाकला, प्रेमानं नाही."

मी म्हटलं हात मोकळा झाला ना, मग झालं. तू म्हणालास, देव हात नाही बघत, आतलं बघतो. मी म्हटलं, तुझा देव फार बारीक बघतो बाबा, आमच्या देवाला एवढा वेळ नाही. त्यावर तू बोलणार होतास, तेवढ्यात माणसं जेवायला आली. ते भांडण तिथंच राहिलं.

आता त्या शुक्रवारचं.

गेल्या साली त्या सुट्टीत तू गावी गेला होतास. यंदा परीक्षा जवळ म्हणून इथंच राहिलास. नळावर कोणीतरी म्हणालं, उद्या ख्रिश्चनांचा सण, ऑफिसं बंद, शाळा बंद. मला वाटलं, एवढं सगळं बंद म्हणजे सण मोठाच असणार. आणि माझं पोर सणाच्या दिवशी परक्या मुलखात डाळभात खाणार? आदल्या दिवशी तू म्हणालास, मावशी, उद्या माझं जेवण धरू नका. मी मनात म्हटलं, भीड धरतोय. सणाच्या खर्चात पाडू नये म्हणून भीड धरतोय. आमच्यात पाहुणा तीनदा नको म्हणतो तेव्हा कुठं एकदा भूक लागली म्हणतो. तू तर एकदाच नको म्हणालास, ते मी कशाला ऐकते.

नाताळात गावाहून आलास तेव्हा सांगितलं होतंस, सणाला आमच्याकडे कोंबडी असते. तेवढं माझ्या लक्षात. गॅलरीत पाटीखाली मी एक कोंबडा वाढवला होता, गावच्या राखणदार देवाला नवसानं बोललेला. भिवा म्हणाला, "राखणदाराचो कोंबडो तो, मावशे. चुकवू नको."

मी म्हटलं, "ते दोघे देव आपसात बघतले."

पहाटे उठून वड्यांचं पीठ मळलं. खोबरं भाजून वाटण केलं. कोंबड्याची सागोती शिजली तेव्हा वास खालच्या मजल्यापर्यंत गेला. दुसऱ्या पाळीची माणसं जेवायला आली. मी सांगितलं, आज शमूचा सण आहे, तो बसल्याशिवाय कोणी घास घ्यायचा नाही. आणि ती बसली रे. गिरणीची माणसं, भूक लागलेली, समोर वडे फुगलेले, आणि हात मांडीवर ठेवून तुझी वाट बघत बसली. असं त्यांनी कधी कोणासाठी केलं नव्हतं.

तू सकाळीच चर्चला गेला होतास. बारा वाजायच्या आधी गाण्यांचं पुस्तक न्यायला आलास आणि माझ्या दारावरून जात होतास. मी हाताला धरून आत घेतलं. पाट मांडलेला, पुढं रांगोळीची दोन बोटं ओढलेली. भिवा म्हणाला, आज तू पयलो.

तू ताटाकडे बघितलंस. मग माझ्याकडे. मग त्या सगळ्या माणसांकडे. आणि बसलास.

डोळे मिटलेस ते उघडेचनास. भिवा म्हणाला, "बेगीन आटप रे, वडे थंड होतत. देवाक म्हणावं, आज घाई आसा." तू डोळे उघडलेस. आभार, मावशी, म्हणालास. आणि जेवलास. मी वाढत गेले, तू खात गेलास. तुझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी विचारलं, तिखट झालं काय रे? तू म्हणालास, "नाही, मावशी. चांगलं झालंय." हात धुवून, पुस्तक घेऊन पुन्हा चर्चला गेलास.

तो दिवसभर मी चाळीत मिरवले. आमच्या शमूचा सण मी केला. तळमजल्यापर्यंत सांगून आले.

मग पावसाळ्यात तुला ताप आला. आधी साधा वाटला. मग उतरेना. हॉस्पिटलात नेलं, गावी तार केली, तुझी आई आली. ती तुझ्या खाटेशी बसून पुस्तक वाचायची, हळू, ओठातल्या ओठात. मी पेज आणायचे, ती चमच्यानं भरवायची. आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. बोलायला काय होतं? तू होतास ना मध्ये.

शिवडीला, तुझ्या दफनाला, मी पण आले. आमच्यात बायका जात नाहीत, पण तुझी आई चालली होती, मग मी कशी मागं राहू? भिवा आणि आपली माणसं खांद्याला होती. तुमची माणसं गात होती, आपली माणसं खाली मान घालून उभी. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. मी पण टाकली. आमच्यात अग्नी देतात, तो पुरुषाच्या हातचा. माती मला टाकता आली, ते एक बरं वाटलं.

आईची गाडी दुसऱ्या दिवशी होती. त्या संध्याकाळी माणसं लवकर जेवून निघून गेली, आपणहून. ती भिंतीला पाठ लावून बसली, तुझ्याच जागेवर. तिला ठाऊक नव्हतं ती तुझी जागा.

"काशीबाई, एक विचारते, खरं सांगा," ती म्हणाली. "सगळे मला सांगत होते, पोराला तिकडं पाठवू नको. गिरणगाव आहे, मोर्चे आहेत, हाताबाहेर जाईल. दोन वर्षं मी रोज तेच मागत होते. माझं पोर प्रभूला धरून होतं का हो?"

मी म्हटलं, धरून म्हणजे काय, रोज घास घ्यायच्या आधी डोळे मिटायचा. भिवानं टिंगल केली तरी मिटायचा. पोलिसांसाठी मागितलंस ते पण सांगितलं. तिच्या तोंडावर उजेड आला. किती दिवसांनी आला. माणसानं तिथं थांबावं. मी थांबले नाही. मला वाटलं अजून थोडा उजेड येऊ दे.

म्हटलं, आणि तुमचा सण पण आम्ही चुकवला नाही हो. त्या शुक्रवारी, सगळं बंद होतं ना, मी घरचा कोंबडा कापला, वडे केले. सगळी माणसं थांबली त्याच्यासाठी. पोटभर जेवलं पोर.

तिचा हात पदराशी होता, तो तिथंच थांबला. "कुठला शुक्रवार?"

मी अजून सांगतच होते. उन्हाळ्यातला हो, परीक्षेच्या आधीचा. किती वडे खाल्लेस, रस्सा कसा मागून घेतलास. मागून घेतला नव्हतास, मीच वाढला होता. तेवढं मी पदरचं घातलं.

मग अगदी हळू, लहान मुलाला समजावतात तसं तिनं मला सांगितलं. काशीबाई, तो सण नाही. त्या दिवशी आमच्या प्रभूला वधस्तंभावर खिळलं. दुपारी तीनला त्यानं प्राण सोडला. तीन वाजेपर्यंत आम्ही पाणीसुद्धा घेत नाही. शमू सात वर्षांचा असल्यापासून घेत नव्हता.

शमू, मला वाटलं जमीन उघडावी. माझ्या नवऱ्याच्या दहाव्याला कोणी मला बळंच बसवून सागोती वाढली असती आणि वर विचारलं असतं, तिखट झालं काय, तर? तेच मी तुला केलं. आणि केलं ते केलं, तुझ्या आईपुढं मिरवलं. मातीचे हात नीट धुतले पण नव्हते आम्ही.

ती म्हणाली, "तुम्ही बोलावलं आणि तो बसला?"

"व्हय."

"मी असते तर उठून गेले असते," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मला झोप लागावी म्हणून विचारलं होतं हो मी."

मग मला एकदम दुसरा दिवस आठवला. शनिवार. मी घाईघाईनं सांगायला लागले, सापडेल तसं. म्हटलं, ताई, शनिवारी तो जेवला नाही. सकाळी चहा घेतला नाही. दुपारी बोलावलं तर म्हणाला नको. मला वाटलं कालची सागोती बाधली, मी ओव्याचं पाणी करून नेलं पोटमाळ्यावर, तर ते पण बाजूला ठेवलं. पुस्तक वाचत बसला होता. दिवे लागल्यावर खाली आला आणि भात खाल्ला.

"पाणी?" तिनं विचारलं.

"पाणी पण घेताना मी बघितला नाही."

"दिवसभर?"

"व्हय. दिवसभर."

तेव्हा ती रडली. हॉस्पिटलात रडली नव्हती, शिवडीला रडली नव्हती. तोंडात पदर कोंबून रडली. मी तिच्याजवळ सरकले नाही. कुठल्या तोंडानं सरकू? रडून झाल्यावर तिनं तिथंच, तुझ्या जागेवर, अंग टाकलं आणि तिला झोप लागली. मी दिवा बारीक केला.

सकाळी गाडीला जाताना तिनं दोन्ही हातांनी माझा हात धरला. सलाम, काशीबाई, म्हणाली. माफ केलं म्हणाली नाही. नाही केलं असंही म्हणाली नाही. मी पण सलाम म्हटलं, जन्मात पहिल्यांदा, बरोबर म्हटलं की नाही ठाऊक नाही.

आता तुझ्याशी भांडते, ऐक. तू भिडेनं जेवलास की मायेनं? तूच म्हणायचास ना, देव हात बघत नाही, आतलं बघतो. मग तुझं आतलं काय होतं त्या दिवशी? मी चाळीत मिरवत होते आणि तू पोटमाळ्यावर बसून माझ्या वड्यांची भरपाई करत होतास. माझ्यावर उपकार केलेस. असे उपकार करू नयेत म्हाताऱ्या माणसावर. फेडायचे कसे?

मला लाज वाटते, पण रागही येतो. भिवाला देवावरून उत्तरं देणारा तू, माझ्यापुढं गप्प बसलास. जेवण धरू नका म्हणालास, का ते नाही म्हणालास. मावशीला वाईट वाटेल म्हणून. अरे, नवरा गेला ते सोसलं, पोर गेलं ते सोसलं. तुझं एक 'नाही' मला जड झालं असतं काय?

सांगायचं होतंस. मावशी, आमच्यात तीन वाजेपर्यंत खात नाहीत. मी दोन शब्द बोलले असते, भिवानं तोंड वाकडं केलं असतं, माणसं जेवून पाळीवर गेली असती. आणि मी तुझं ताट झाकून ठेवलं असतं. तीन म्हणजे काय रे? साडेतीनला पहिली पाळी सुटते. त्या माणसांची ताटं मी रोज झाकून ठेवते. एवढी वर्षं दुसरं काय केलंय मी. त्यात एक तुझं.